सल्ला, आधी की नंतर?

आता १९५२ सालाकडे येऊ. अमेरिकेतल्या फार्मासिस्टांच्या संघटनेची त्या वर्षीची आचारसंहिता बघा. रुग्णाने औषधाचा परिणाम विचारला, तर फार्मासिस्टने सांगायचा नाही, डॉक्टरांकडे बोट दाखवायचं! ज्ञान आहे, बोलायची मुभा नाही. आम्ही तत्त्वज्ञानवाले ज्ञान आणि अधिकार यांवर तासन्‌तास बोलतो. इथे ते एका कलमात मावलंय. १९६९ मध्ये ते कलम गेलं.

त्याआधीच, १९६६ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात नवव्या मजल्यावरच्या सर्जिकल वॉर्डात चोवीस तास फार्मासिस्ट बसू लागले होते.

मग १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला बोस्टनचा अभ्यास. अतिदक्षता विभागात राउंडला फार्मासिस्ट सोबत. सूचना ३६६, डॉक्टरांनी मानल्या ३६२. डॉक्टर एकाएकी नम्र झाले होय? आम्हाला तसं वाटत नाही. ऑर्डर लिहून झाल्यावर फोन आला, तर ती चूक काढणं ठरतं. लिहिण्याआधी शेजारून शब्द आला, की तो विचारातच मिसळतो.

आणि आपत्कालीन विभाग? तिथे ऑर्डर बहुधा तोंडी. फार्मसीतून फोन येईपर्यंत इंजेक्शन देऊन झालेलं असतं.