कुलूपबंद लॅपटॉप आणि किल्लीचा हक्क

स्वस्त लॅपटॉपवर लिनक्स ही मुक्त संगणक-प्रणाली बसवताना जे कुलूप आड येते, त्याचा महाराष्ट्रातील माग काढू गेल्यास तो उलट टोकाला, म्हणजे मुळातच लिनक्सवर चालणाऱ्या एका लॅपटॉपपाशी पोहोचतो. निकोलस निग्रोपॉन्टी यांनी २००५ मध्ये मांडलेल्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेतील ‘एक्सओ’ हे यंत्र ऑक्टोबर २००७ मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत आले, आणि भारतातील हा त्या योजनेचा पहिला प्रयोग होय. १०० डॉलरचे म्हणून गाजलेले हे यंत्र प्रत्यक्षात १८८ डॉलरच्या घरात गेले.

फेब्रुवारी २००७ मध्ये जाहीर झालेल्या त्याच्या ‘बिटफ्रॉस्ट’ या सुरक्षा-आराखड्यात दोन कुलपे होती. पहिल्यामुळे फर्मवेअर, म्हणजे यंत्र सुरू होताच सर्वप्रथम चालणारा चिपमधील आज्ञासंच, योजनेच्या सांकेतिक स्वाक्षरीवाचून कोणतीही प्रणाली सुरू करत नसे; वेगळी प्रणाली हवी असल्यास त्या एकाच यंत्रापुरती ‘डेव्हलपर की’ मागवावी लागे, मात्र ती मिळणे हा मुलाचा हक्कच मानलेला होता. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर रूढ झालेल्या ‘सिक्युअर बूट’चे तत्त्वही स्वाक्षरी तपासण्याचेच, परंतु तिथे इंटेल घराण्याच्या यंत्रांवर तपासणी बंद करण्याची मुभा राहिली, तर एआरएम चिपच्या विंडोज आरटी यंत्रांवर ती नाकारली गेली.

दुसरे कुलूप चोरीविरुद्ध होते. ज्या देशाने ते स्वीकारले असेल तिथे यंत्राला ठरावीक मुदतीचा परवाना मिळे, सर्व्हरशी संपर्क झाला की तो वाढे आणि मुदत उलटली की यंत्र बंद पडे. ही युक्ती बिनतोड वाटते खरी, पण मूल वर्षभर शाळेच्या आसपासच राहते असे तिने धरून चालले होते, आणि बीड जिल्ह्यात नेमके तेच टिकले नसते. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेले कोयते (ऊसतोडणीला निघणाऱ्या जोडप्याला इथे कोयता म्हणतात) दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, तेव्हा अनेकांची मुलेही फडावर जातात आणि गाळप हंगाम सरल्यावरच परततात. अशा मुलाने आपलेच यंत्र सोबत नेले असते, तरी महिना-दोन महिन्यांत ते चोरीचे ठरून बंद पडले असते. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच या योजनेकडे पाठ फिरवल्याने हा प्रश्न त्या वेळी सरकारदरबारी उभाच राहिला नाही.