नावाआधीचा क्यू

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर येथे आयबीएमने घडविलेला आणि जून १९८८ मध्ये जाहीर केलेला एएस/४०० हा मध्यम आकाराचा संगणक प्रकृतीने मुळातच दफ्तरी. हिशेब, कोठार, पगारपत्रके यांचा कारभार निमूटपणे वाहणारा आणि यंत्राचे नाव आठ अक्षरांत आटोपलेच पाहिजे असा दंडक पाळणारा. कंपनीने स्वतः पुरविलेल्या बहुतेक वस्तूंच्या नावांचा आरंभ क्यू या अक्षराने व्हावा, ही तेथील रीत. जणू खालसा मालमत्तेवरचा शिक्काच.

टेबलावरील छोट्या संगणकांचा रिवाज अगदी निराळा. साइटेक कंपनीने आयबीएमसाठीच रचलेल्या नेटबायोस या संगणकजाळ्याच्या पद्धतीत नावाला सोळा जागा. पैकी, मायक्रोसॉफ्टच्या रिवाजाप्रमाणे, पंधरा धन्याच्या, सोळावी सेवेचा प्रकार सांगण्यास राखून ठेवलेली. नावे नोंदणारी कचेरी मूळ रचनेत नव्हतीच: ज्याला जे नाव हवे त्याने त्याची दवंडी पिटावी, कोणी हरकत घेतली नाही तर ते त्याचे! मार्च १९८७ मध्ये दोन आरएफसींनी, म्हणजे इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजांनी, ही पद्धती टीसीपी/आयपीवर आणली; पण दवंडी राउटरची वेस सहसा ओलांडीत नाही.

हे दोन रिवाज १९९८ साली समोरासमोर आले. एएस/४०० च्या ओएस/४०० या कार्यप्रणालीच्या चौथ्या आवृत्तीच्या दुसऱ्या प्रकाशनात विंडोजला फाइली पुरविणारा नेटसर्व्हर आला आणि विंडोजच्या 'नेटवर्क नेबरहुड'मध्ये हे दफ्तरी यंत्र शेजारी म्हणून दिसू लागले. परंतु यंत्राचे मूळ नाव पूर्वीच्या क्लायंट अॅक्सेस या जोडणीच्या प्रणालीने वापरात घेतलेले असल्यामुळे, तंटा नको म्हणून, नव्या सर्व्हरला त्याच नावाआधी क्यू जोडून नाव देण्यात आले. तोडगा शहाणपणाचा होता, हे मान्य केलेच पाहिजे. त्रास झाला तो मात्र कारकुनाला. क्यू न लावता यंत्राचे नाव टंकून तो फाइल शोधी, उत्तर मिळे, 'सापडत नाही'; आणि आयपी पत्ता दिला की तेच यंत्र तत्काळ हजर! पत्त्याने उघडते आणि नावाने उघडत नाही, तर दोष तारेत नसून नावात आहे, एवढे जाणत्याला त्यावरून कळे. मग राउटरच्या वेशीपलीकडच्यांसाठी विन्स या नावनोंदणी-सेवेत अथवा एलएमहोस्ट्स या फाइलीत नोंद करावी, किंवा ऑपरेशन्स नॅव्हिगेटर या व्यवस्थापनाच्या साधनातून नावच पालटावे. मात्र नेटसर्व्हर थांबवून पुन्हा सुरू केल्यावाचून नवे नाव अमलात येत नसे, आणि हीच गोष्ट बहुधा विसरली जाई.

पुढे विंडोज २००० ने नावांची मदार डीएनएसवर ठेवली, तेव्हा क्यूवाल्या नावाची नोंद तेथेही निराळी करावी लागली. यंत्र स्वतः २००० साली आयसिरीज आणि २००६ साली सिस्टिम आय झाले. क्यू मात्र जागचा हलला नाही.