मानसिक आघात आणि नेत्रहालचाल उपचार : एका उपचारपद्धतीचा इतिहास

प्रस्तावना

युद्ध, भूकंप, दंगल, अपघात किंवा अत्याचार यांतून माणूस जिवंत बाहेर येतो, पण पुष्कळदा ती घटना त्याच्या मनातून बाहेर पडत नाही. एखादा आवाज किंवा वास पुरेसा होतो आणि तो क्षण जणू पुन्हा घडू लागतो. अशा रुग्णाला ती आठवण मनात धरायला सांगायचे आणि त्याच वेळी त्याचे डोळे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवायला लावायचे, अशी एक उपचारपद्धती आज अनेक देशांत वापरली जाते. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'ई.एम.डी.आर.' म्हणतात.

प्रथम ऐकताना हा प्रकार मंत्रतंत्रासारखा वाटतो. तुम्हालाही तसे वाटले असेल तर त्यात गैर नाही; अनेक मानसशास्त्रज्ञांनाही तसेच वाटले होते. या पाठात आपण दोन प्रश्नांचा विचार करू. ही पद्धत आली कोठून? आणि तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे कसे ठरले?

१. आघाताला नाव मिळेपर्यंत

१८६६ मध्ये इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिक्सन यांनी रेल्वे अपघातांतून वाचलेल्या लोकांच्या तक्रारींवर लिहिले. बाहेरून मोठी जखम नसतानाही ही माणसे खचलेली होती. एरिक्सन यांनी त्याचे कारण पाठीच्या कण्याला बसलेल्या धक्क्यात शोधले. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर, १८७१ मध्ये, जेकब दा कोस्टा यांनी सैनिकांच्या धडधडणाऱ्या हृदयाचे वर्णन केले. दोघांनीही दुखणे शरीरात शोधले, हे लक्षात घ्या.

पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द वापरला. परंतु शब्द मिळाला म्हणून न्याय मिळाला नाही. रणांगण सोडणे, भित्रेपणा दाखवणे अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्यातील अनेकांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांपैकी काहीजण मानसिक आघाताने कोलमडलेले होते, असे आज मानले जाते. २००६ मध्ये ब्रिटनने अशा ३०६ सैनिकांना मरणोत्तर माफी दिली. नव्वद वर्षे त्यांच्या कुटुंबांनी 'भित्र्याचे घर' हा कलंक वाहिला. आजाराचे निदान होणे न होणे हा केवळ वैद्यकाचा प्रश्न नसतो, हे यावरून दिसते.

व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या प्रश्नांमुळे अखेर १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत 'आघातोत्तर तणाव विकार' ही नोंद झाली. आजाराला नाव मिळाले. उपचार मात्र अजून चाचपडत होते.

२. बागेतील फेरफटका

१९८७ मध्ये फ्रान्सिन शापिरो कॅलिफोर्नियातील एका बागेत फिरत होत्या. त्या मूळच्या इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक. १९७९ मध्ये कर्करोग झाल्यावर मन आणि शरीर यांच्या संबंधांकडे वळलेल्या. चालताना मनात आलेले त्रासदायक विचार आपोआप बोथट होत आहेत आणि त्या वेळी आपले डोळे झपाझप इकडून तिकडे हलत आहेत, असे त्यांना जाणवले. मग त्यांनी हा प्रयोग स्वतःवर आणि ओळखीच्या लोकांवर करून पाहिला.

ही कथा त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. डोळ्यांच्या अशा हालचाली माणसाला सहसा जाणवत नाहीत, असा आक्षेप टीकाकारांनी तिच्यावर घेतला. न्यूटनच्या सफरचंदाची गोष्ट जशी गुरुत्वाकर्षणाचा पुरावा ठरत नाही, तशी ही कथाही उपचाराचा पुरावा ठरत नाही. पुरावा वेगळा शोधावा लागतो.

१९८९ मध्ये शापिरो यांचा २२ व्यक्तींवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच बैठकीत आठवणींची तीव्रता बरीच कमी झाल्याचे त्यात म्हटले होते. अभ्यास लहान होता; शिवाय उपचार करणारी आणि परिणाम मोजणारी व्यक्ती एकच होती. त्रासाची मोजपट्टी त्यांनी जोसेफ वोल्पी यांच्याकडून घेतली होती. भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे नेणारा वर्तनोपचार वोल्पी यांनी आधीच रूढ केला होता. म्हणजे नवी पद्धतही जुन्या परंपरेच्या खांद्यावरच उभी होती.

३. उपचार प्रत्यक्षात कसा चालतो?

या पद्धतीचे आठ टप्पे आहेत: पूर्वेतिहास जाणून घेणे, तयारी, आठवणीचे मूल्यमापन, तीव्रता कमी करणे, सकारात्मक धारणा रुजवणे, शरीरातील ताण तपासणे, बैठकीचा समारोप आणि पुढील वेळी पुनर्मूल्यमापन. डोळ्यांची हालचाल यांतील काही टप्प्यांतच येते. समजा, अपघातातून वाचलेल्या एखादीला 'चूक माझीच होती' असे वाटते. ती तो प्रसंग मनात आणते, त्रास ० ते १० या पट्टीवर सांगते आणि उपचारकाच्या हलत्या बोटांकडे पाहते. थोड्या वेळाने थांबून काय जाणवले ते सांगते. हे पुन्हा पुन्हा होते. घटना विसरली जात नाही. ती आठवताना होणारी होरपळ कमी होते.

४. वाद

१९९० च्या दशकात ही पद्धत वेगाने पसरली. सुरुवातीला प्रशिक्षितांना ती इतरांना शिकवण्यास मनाई होती, त्यामुळे संशय वाढला. रिचर्ड मॅकनॅली यांनी १९९९ मध्ये तिची तुलना अठराव्या शतकातील फ्रान्झ मेस्मर यांच्या 'प्राणि-चुंबकत्वा'शी केली.

मेस्मर यांच्या काळातील प्रसंग येथे उपयोगी आहे. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी मंडळ नेमले. त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. त्यांनी काही लोकांचे डोळे बांधून परीक्षा घेतली. आपल्यावर चुंबकत्वाचा प्रयोग होत आहे असे वाटले, की प्रयोग होत नसतानाही लोकांना परिणाम जाणवत असे. रुग्णांना आलेला अनुभव खरा होता, पण त्याचे सांगितलेले कारण खोटे होते.

ई.एम.डी.आर.बाबतही हाच प्रश्न होता. गुण येतो तो डोळ्यांच्या हालचालीने, की आठवणीला सुरक्षित वातावरणात सामोरे गेल्याने? २००१ मधील एका एकत्रित विश्लेषणात डोळ्यांच्या हालचालीमुळे विशेष फरक पडत नाही असे दिसले. २०१३ मधील दुसऱ्या विश्लेषणात मध्यम स्वरूपाचा फरक दिसला. एक स्पष्टीकरण असे, की आपली कार्यरत स्मृती मर्यादित असते. आठवण धरून ठेवणे आणि हलत्या बोटाचा मागोवा घेणे ही दोन कामे एकदम केली, की आठवणीचे चित्र फिके पडते. या विषयावर अजून एकमत नाही.

उपचाराचा उपयोग होतो का, या प्रश्नाचे उत्तर मात्र बरेच स्पष्ट झाले. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आघातोत्तर तणाव विकारासाठी या पद्धतीची शिफारस केली. २०१७ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने तिला सशर्त शिफारस दिली, तर काही बोधात्मक-वर्तनोपचारांना ठाम शिफारस दिली.

५. आपत्ती आणि भारत

१९९५ च्या ओक्लाहोमा सिटी बॉम्बस्फोटानंतर ही पद्धत वापरणाऱ्यांनी आपत्तीग्रस्तांसाठी स्वयंसेवी काम सुरू केले. मेक्सिकोत १९९७ च्या चक्रीवादळानंतर मुलांसाठी 'फुलपाखरू मिठी' रूढ झाली: हात छातीवर फुलीसारखे ठेवून दोन्ही बाजूंना आळीपाळीने थोपटायचे. भारतात २६ जानेवारी २००१ च्या गुजरात भूकंपानंतर येथील व्यावसायिकांना प्रशिक्षण मिळाले आणि या पद्धतीचा प्रसार होऊ लागला.

समारोप

या इतिहासातून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एखाद्या उपचाराने गुण येणे आणि त्याचे सांगितलेले कारण बरोबर असणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. दुसरे असे, की संशय उपचारावर घ्यावा, रुग्णाच्या वेदनेवर नव्हे. त्या ३०६ सैनिकांच्या बाबतीत नेमके उलटे झाले होते.

तुमच्या ओळखीत कोणी अशा आठवणींनी त्रस्त असेल, तर पाठ वाचून त्याच्यावर प्रयोग करू नका. त्याचे ऐकून घ्या आणि त्याला प्रशिक्षित तज्ज्ञाकडे न्या.

स्वाध्याय

१. 'आजाराला नाव मिळणे' ही सामाजिक घटना कशी ठरते, ते दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. १७८४ ची चौकशी आणि ई.एम.डी.आर.वरील वाद यांतील साम्य व फरक लिहा.