गुत्ता आणि उत्तरदायित्व

नांदेड व लातूर या भागांत मद्याच्या दुकानास गुत्ता म्हणतात. हा शब्द मूळचा मद्यवाचक नव्हे. तेलुगूंतील गुत्त व कानडींतील गुत्तिगे यांचा अर्थ मक्ता, म्हणजे ठराविक रकमेवर सरकारी उत्पन्न किंवा काम अंगावर घेणें. मराठवाड्यांत रस्त्याचें वा इमारतीचें काम घेणाऱ्यास आजहि गुत्तेदार म्हणतात. मद्याचा मक्ता ज्या जागीं चाले त्या जागेसच मक्त्याचें नांव पडलें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. मद्यविक्रेता कोणास व कशाबद्दल जबाबदार, या प्रश्नास राज्यव्यवस्थेनें दीर्घकाळ दिलेलें उत्तर या एका शब्दांत सांठलेलें आहे : तो खजिन्यास जबाबदार, मक्त्याच्या रकमेबद्दल. अल्पवयीन मुलास मद्य विकल्यामुळें त्याचें किंवा तिऱ्हाइताचें नुकसान झाल्यास विक्रेत्यानें काय भोगावें, हा प्रश्न त्या उत्तरांत येत नव्हता. तो कायद्यांत कसकसा शिरला व कोठवर शिरला, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

परिणामांची जबाबदारी विक्रेत्यावर टाकणें ही कल्पना परकीय आहे, असा कोणाचा समज असल्यास तो निराधार होय. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील सुराध्यक्ष प्रकरणांत, पानगृहांत शुद्धि हरपलेल्या गिऱ्हाइकाचे अलंकार, वस्त्रें किंवा द्रव्य गहाळ झाल्यास दुकानदारानें त्याची भरपाई करावी व शिवाय तितकाच दंड भरावा, असें सांगितलें आहे. भरपाई व दंड हीं येथें दोन निराळीं ओझीं आहेत. पहिलें नुकसान झालेल्या मनुष्यासाठीं, दुसरें राजासाठीं. तेथील प्रश्न वयाचा नसून शुद्धीचा आहे खरा; तथापि ज्यास स्वतःचें हित राखतां येत नाहीं त्याचें हित राखण्याचा भार विकणाऱ्यावर येतो, हें तत्त्व त्यांत उघड दिसतें. दंड व भरपाई यांचा हा भेद ध्यानांत ठेवून पुढील कायदे पाहावे.

निजामाच्या राज्यांत १३१६ फसलीचा, म्हणजे इ. स. १९०६-०७ चा, हैदराबाद आबकारी कायदा चालू होता. नांदेड हा तेव्हांहि जिल्हा होता. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडत असे व १९८२ सालीं तें स्वतंत्र जिल्ह्याचें ठिकाण झालें. शिंदी व मोहाची दारू हीं या मुलखांतील प्रमुख मद्यें असून आबकारी ही राज्याच्या उत्पन्नाची एक मोठी बाब होती. परवाना, लिलाव व कर हा या व्यवस्थेचा कणा. चोरून शिंदी काढणें हा गुन्हा ठरे, कारण त्यानें सरकारचें उत्पन्न बुडे. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामांत शिंदीचीं झाडें तोडण्याचा कार्यक्रम स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनीं हातीं घेतला, त्याचेंहि मर्म हेंच. झाडावरील घाव खजिन्यावर बसत असे.

सप्टेंबर १९४८ मध्यें निजामाची सत्ता संपली. शेजारच्या मुंबई राज्यांत १९४९ चा दारूबंदी कायदा होऊन ६ एप्रिल १९५० पासून पूर्ण दारूबंदी आली. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मुंबई राज्यांत समाविष्ट झाला व १९५९ च्या अधिनियमानें तो कायदा येथेंहि लागू करण्यांत आला. त्याच्या कलम १८ प्रमाणें परवानाधारक विक्रेत्यानें किंवा त्याच्या नोकरानें, दिसण्यांत २१ वर्षांखालील अशा व्यक्तीस मद्य विकूं अगर देऊं नये. मग तें त्या व्यक्तीनें स्वतः प्यावयाचें असो वा दुसऱ्यासाठीं न्यावयाचें असो. बापानें मुलास बाटली आणावयास धाडिलें, ही सबब येणेंप्रमाणें खुंटली. 'दिसण्यांत' या शब्दानें आणखी एक गोष्ट साधली : गिऱ्हाइकाचें तोंड पाहून मग माल देणें हें विक्रेत्याचें कर्तव्य ठरलें. परवान्याच्या नियमांत पुढें बिअरसारख्या सौम्य मद्यास २१ व तीव्र मद्यास २५ वर्षें अशी मर्यादा आली. तरीहि हा भंग मुख्यतः परवान्याच्या शर्तीचा भंग होता.

मुलास केंद्रस्थानीं ठेवून विचार केला तो बालन्यायाच्या कायद्यांनीं. २००० च्या अधिनियमाच्या कलम २५ अन्वयें मुलास मद्य देणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत शिक्षा होती. २०१५ च्या अधिनियमाच्या कलम ७७ नें ती ७ वर्षांपर्यंत सश्रम कारावास व १ लाख रुपयांपर्यंत दंड अशी वाढविली. अपवाद फक्त वैद्यकीय आज्ञेचा. देणाऱ्यापाशीं परवाना आहे कीं नाहीं हें येथें गौण आहे. १९ मे २०२४ रोजीं पुण्यास १७ वर्षांच्या मुलानें चालविलेल्या मोटारीखालीं दोघांचा बळी गेला, तेव्हां त्यास मद्य पुरविल्याच्या आरोपावरून मद्यालयांशीं संबंधित मालक व व्यवस्थापक यांस या कायद्याखालीं अटक झाली.

एवढ्यानें दंडाची बाजू भरली. भरपाईची रिती राहिली. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं घातलेलें कलम १९९-अ अल्पवयीनाच्या अपराधाबद्दल पालकास व वाहनमालकास दोषी धरतें. मद्यविक्रेत्याचें नांव त्यांत नाहीं. अपघाताच्या न्यायाधिकरणापुढें भरपाईचा भार चालक, वाहनमालक व विमा कंपनी यांवर पडतो. अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें मात्र १९५९ सालींच असें ठरविलें कीं, अल्पवयीनास मद्य विकणारा पानगृहचालक त्या मद्यपीच्या मोटारीनें मेलेल्या तिऱ्हाइताच्या कुटुंबास भरपाई देण्यास पात्र होऊं शकतो.

नांदेड व लातूर येथें प्रवेश-परीक्षांच्या शिकवणीसाठीं दूरदूरचीं मुलें घर सोडून येऊन राहतात. त्यांतील पुष्कळांस १८ वें वर्ष लागलेलेंहि नसतें, व आईबापांची नजर त्यांच्यापर्यंत पोंचत नाहीं. अशा नगरांत दुकानाच्या फळीपलीकडील मनुष्याचें उत्तरदायित्व हा केवळ पुस्तकी विषय राहत नाहीं. कौटिल्यानें गिऱ्हाइकाच्या हरवलेल्या अलंकारांची भरपाई विक्रेत्याकडून मागितली. हरवलेल्या जिवाची भरपाई त्याच्याकडून मागण्याची स्पष्ट तरतूद आपल्या कायद्यांत होईल, तेव्हांच गुत्ता या शब्दांतील मक्त्याचा अर्थ खऱ्या अर्थानें मागें पडेल.