काचबिंदू आणि गांजा : एका समजुतीची छाननी

उचगाव परिसरात डोळ्यांच्या दुखण्याविषयी बोलताना ‘मोतीबिंदू’ आणि ‘काचबिंदू’ हे शब्द बहुधा जोडीने येतात. नामसादृश्य फसवे आहे. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूने गेलेली मिळत नाही. म्हणूनच ‘काचबिंदूवर गांजा हे आपले प्राचीन औषध होय’, या समजुतीची छाननी अगत्याची ठरते.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘अधिमंथ’ हा नेत्ररोग वर्णिला आहे. डोळा घुसळला जात असल्यासारखी वेदना हे त्याचे लक्षण. तीव्र काचबिंदूशी त्याचे साम्य आधुनिक अभ्यासकांनी दाखविले आहे. परंतु त्यावरील उपचारांत भर आहे तो स्नेहन, स्वेदन व रक्तमोक्षण यांवर. शार्ङ्गधरसंहितेत भांग येते, ती पचण्यापूर्वीच सर्व शरीर व्यापणाऱ्या द्रव्याचे उदाहरण म्हणून. रोगाचे आणि वनस्पतीचे हे उल्लेख परस्परांस जोडता येत नाहीत. इ. स. १८३९ मध्ये कलकत्त्यास ओशॉनेसी यांनी या वनस्पतीचे जे प्रयोग प्रसिद्ध केले, तेही संधिवात, धनुर्वात अशा व्याधींविषयींचे होते.

नेत्रदाबाशी संबंध जुळला तो १९७१ मध्ये. कॅलिफोर्निया विद्यापीठातील हेप्लर व फ्रँक यांना गांजा ओढल्यावर नेत्रदाब सुमारे २५ ते ३० टक्क्यांनी उतरलेला आढळला. मात्र हा परिणाम तीन-चार तासच टिकतो. काचबिंदूत दाब अहोरात्र ताब्यात राहावा लागतो.

तथापि भारताचा एक धागा या इतिहासात आहे, आणि तो भाषेचा आहे. १८४५ पासून जमैकात गेलेल्या हिंदी मजुरांबरोबर ‘गांजा’ हा शब्द तेथे पोहोचला व रूढ झाला. त्याच बेटावर वेस्ट व लॉकहार्ट या संशोधकांनी या वनस्पतीपासून ‘कॅनासॉल’ नावाचे नेत्रबिंदू सिद्ध केले. १९८७ मध्ये ते प्रचारात आले.

सारांश, सागरापार गेला तो शब्द, उपचार नव्हे. शब्दाच्या प्राचीनत्वावरून औषधाचे प्राचीनत्व सिद्ध होत नाही. हा भेद केवळ पंडिती नाही. त्या समजुतीवर विसंबून कोणी वैद्यांनी दिलेले थेंब सोडले, तर त्याची किंमत दृष्टीनेच मोजावी लागेल.