धूळपाटी आणि छडी

गोष्ट एकदां ऐकतांच ती जशीच्या तशी सांगणारें, हिशेबांत चलाख, परंतु पुस्तक उघडतांच अडखळणारें मूल पुष्कळ घरांत आढळतें. त्याला आळशी अथवा मंद म्हणण्याची चाल फार जुनी आहे. ती चाल चुकीची आहे हें कळण्यास एकोणिसावें शतक संपत यावें लागलें. १८९६ सालीं डॉ. प्रिंगल मॉर्गन ह्या इंग्रज वैद्यानें चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें प्रसिद्ध केली. मुलगा हुषार होता, अंक सहज वाची. पण वर्षानुवर्षें शिकवूनहि लहानसहान शब्द त्याला ओळखतां येत नसत. मॉर्गननें ह्यास जन्मजात शब्दांधता म्हटलें; आज त्यास डिस्लेक्सिया म्हणतात. अडचण बुद्धीची नसून अक्षर आणि ध्वनि ह्यांची सांगड घालण्याची असते.

देवनागरी उच्चारानुसारी म्हणून सोपी समजली जाते. तरीहि घ आणि ध ह्यांत अंतर थोडें. ऱ्हस्व इकाराची वेलांटी लिहावयाची आधीं व उच्चारावयाची मागून. आणि एकटा र ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ ह्या तीन शब्दांत तीन रूपें घेतो.

पंतोजींच्या शाळेंत अक्षरओळख धूळपाटीवर होई. फळीवर धूळ पसरावयाची, बोटानें वा काडीनें अक्षर काढावयाचें आणि त्याच वेळीं तें मोठ्यानें म्हणावयाचें. हात, डोळा व कान एकाच कामाला लागत. चुकलेलें अक्षर तळहातानें पुसलें कीं पाटी पुन्हां कोरी. मलबारी मुलें अशीं वाळूंत लिहितांना पाहून डॉ. अँड्र्यू बेल ह्यांनीं ही रीत मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेंत घेतली, आणि १७९७ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथानें ती इंग्लंडास कळविली. परंतु पंतोजींच्या हातीं छडीहि होती. पुढें छापील पुस्तकें आलीं आणि धूळपाटी गेली. छडी मात्र पुष्कळ काळ राहिली.

बोटानें अक्षर गिरविण्याची रीत परतली ती माँटेसरीबाईंच्या खरखरीत कागदी अक्षरांतून. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापणाऱ्या ताराबाई मोडक ह्यांनीं माँटेसरीबाईंचें तत्त्व मराठी मुलांपर्यंत नेलें. १९४५ पासून बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडास अनुताई वाघांसह त्यांनीं तेंच काम गरिबांच्या अंगणांत, भोंवतालच्या साध्या वस्तु घेऊन चालविलें. तिकडे अमेरिकेंत डॉ. सॅम्युएल ऑर्टन व ॲना गिलिंगहॅम ह्यांनीं वाचनांत अडणाऱ्या मुलांसाठीं बसविलेल्या पद्धतीचें सूत्रहि हेंच: पाहावें, म्हणावें, ऐकावें, गिरवावें.

१९९६ सालीं महाराष्ट्र शासनानें अशा विद्यार्थ्यांस परीक्षेंत जादा वेळ वगैरे सवलती दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेंहि ही अक्षमता मान्य केली. सवलतीनें परीक्षा सुसह्य होते. परंतु वाचन येण्यास तज्ज्ञाची पारख आणि रोजचा थोडा, न रागावतां केलेला सराव लागतो. दिघ्यासारख्या कामगारवस्तींतील लहानशा खोलींतहि परातींत मूठभर रवा पसरतां येतो. मूल अक्षर काढील, म्हणेल, चुकेल आणि हातानें पुसून पुन्हां काढील. शेजारीं बसणाऱ्या वडीलमाणसानें छडी तेवढी दूर ठेवावी.