झोलबेर्गचे शिबिर : जर्मन-फ्रेंच युवकभेटींचा पूर्वेतिहास

जर्मन व फ्रेंच तरुणांच्या परस्परभेटींचा इतिहास सांगताना १९६३ हे वर्ष आरंभबिंदू मानण्याचा प्रघात आहे. त्या वर्षी २२ जानेवारीस एलिझे करार झाला आणि ५ जुलैस उभय राष्ट्रांचे संयुक्त युवककार्यालय स्थापन झाले. हा प्रघात सोयीचा खरा. परंतु त्यामुळे एक अडचणीचे प्रकरण दृष्टीआड होते.

१९३० च्या उन्हाळ्यात ब्लॅक फॉरेस्टमधील झोलबेर्ग या डोंगरावर सुमारे शंभर फ्रेंच व जर्मन तरुण एकत्र राहिले. त्यांच्या वडील पिढीने पहिल्या महायुद्धात एकमेकांवर बंदुका रोखल्या होत्या. शिबिराचा प्रवर्तक ओटो आबेट्स हा कार्ल्सरूह येथील चित्रकलेचा शिक्षक. फ्रेंच बाजूने त्यास पत्रकार झाँ ल्युशेर याचे साहाय्य होते. पुढील दोन वर्षांत रेतेल व माइन्झ येथेही असे मेळावे भरले. या तरुणांचा स्नेहभाव कृत्रिम होता असे म्हणण्यास आधार नाही, आणि प्रकरणातील खरी वेदना तीच होय. कारण हाच आबेट्स पुढे रिबेनट्रॉपच्या सेवेत शिरला व १९४० मध्ये व्याप्त पॅरिसमध्ये हिटलरचा राजदूत होऊन बसला. ल्युशेर तेथील सहकारवादी वृत्तपत्रसृष्टीचा म्होरक्या झाला. १९४६ मध्ये त्यास देहदंड झाला. आबेट्स यास १९४९ मध्ये फ्रेंच न्यायासनाने वीस वर्षांची शिक्षा दिली.

भाषाभ्यासकाने येथे एका शब्दाकडे लक्ष द्यावे. 'फेअरश्टेंडिगुंग' या जर्मन शब्दात परस्परांस समजून घेणे आणि समझोता करणे, असे दोन्ही अर्थ नांदतात. १९३० मध्ये पहिला अर्थ प्रबळ होता. १९३३ नंतर शब्द तोच राहिला, बोलणारेही बव्हंशी तेच राहिले. अटी मात्र एकच पक्ष ठरवू लागला. अर्थपरिवर्तनास सामान्यतः पिढ्या लागतात. येथे ते दहा वर्षांत, आणि हेतुपुरस्सर, घडले.

युद्धोत्तर प्रवर्तकांना या इतिहासाचा विसर पडणे शक्य नव्हते. डाखाउच्या छळछावणीतून परतलेल्या जोझेफ रोव्हाँ याने ऑक्टोबर १९४५ मध्येच 'एस्प्री' मासिकात लिहिले, की उद्याची जर्मनी फ्रेंचांच्या आजच्या वर्तनावर अवलंबून राहील. १९५१ मध्ये ऱ्हाइनकाठी लोरेलाय येथे हजारो युरोपीय तरुण जमले. ९ सप्टेंबर १९६२ रोजी द गॉल यांनी लुडविग्सबुर्ग येथे जर्मन तरुणांपुढे जर्मन भाषेतच भाषण केले.

तथापि १९६३ चे वेगळेपण भावनेत नसून व्यवस्थेत आहे. निधी उभय शासनांनी समप्रमाणात द्यावयाचा आणि नियामक मंडळात दोन्ही देशांचे प्रतिनिधी बसावयाचे, अशी योजना असल्याने एखाद्या आबेट्सच्या हाती सारी सूत्रे जाणे दुष्कर झाले. आजवर ९० लाखांहून अधिक तरुणांनी या कार्यालयाच्या उपक्रमांत भाग घेतला आहे. संस्थेचे नाव मात्र दोन भाषांत एक नाही. जर्मनांनी तीस 'वेर्क', म्हणजे कार्य, म्हटले, फ्रेंचांनी 'ऑफिस'. ही दोन्ही नावे आजही शेजारी शेजारी छापली जातात.